राजीनामा दिला, आणि कंपनीनं पैसे अन् कागद दोन्ही अडवले: काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात एका खासगी आयटी कंपनीत पाच वर्षं दोन महिने नोकरी झाली. बाहेर चांगली संधी आली म्हणून राजीनामा दिला, नोटीस ९० दिवसांची. तीन आठवडे होतात न होतात तोच मॅनेजरचा व्हॉट्सॲपवर निरोप, "उद्यापासून यायची गरज नाही." लॅपटॉप जमा करून घेतला, लॉगिन बंद. महिन्याभरानं एचआरची मेल आली: नोटीस अपुरी राहिली, म्हणून उरलेल्या दिवसांचा ग्रॉस (भत्त्यांसह एकूण) पगार, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय गेल्या वर्षी करवून घेतलेल्या सर्टिफिकेशनच्या बॉण्डचे (ठरलेल्या काळाआधी नोकरी सोडली तर पैसे भरायच्या कराराचे) दीड लाख, असं सगळं धरून तुम्हीच कंपनीला देणं लागता. राजीनाम्याच्या महिन्याचा आणि पुढच्या दहा दिवसांचा पगार रोखलेला. ग्रॅच्युइटी नाही, रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) नाही. पैसे भरले नाहीत तर रेकॉर्डला 'अब्स्कॉण्डिंग' (न सांगता पळून गेला) असं लावू अशी धमकी. आणि विचारणाऱ्याचा प्रश्न: सगळे पैसे सोडून दिले तर निदान लेटर तरी मिळेल का, आणि भांडलो तर इंडस्ट्रीत नाव खराब होईल का?

सोडू नका. मी कामगार कायद्याची वकिली करते, त्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते, त्यामुळे असे हिशोब कसे मांडले जातात ते आतून पाहिलेलं आहे. 'फुल अँड फायनल' (एफएनएफ) नावाचा जो एक कागद तुमच्यापुढे ठेवतात, त्यात सगळी ग्यानबाची मेख असते. पगार, रजा, ग्रॅच्युइटी, नोटीस, बॉण्ड सगळं एका पोत्यात कोंबायचं, बेरीज-वजाबाकी करायची आणि खाली लाल अक्षरात आकडा दाखवायचा. माणूस तो शेवटचा आकडा बघून घाबरतो. कायद्यात असं एक पोतं नाही. यातल्या प्रत्येक रकमेला वेगळा कायदा आहे, वेगळी मुदत आहे, दाद मागायची जागा वेगळी आहे. म्हणून तुमचं पहिलं काम हेच: हिशोब सुटा करून मागायचा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

नोटीसपासून सुरुवात करू. 'राजीनामा आम्ही स्वीकारलेला नाही' हे वाक्य ऐकून लोक गार होतात. खासगी नोकरीत नियुक्तीपत्रातल्या अटीप्रमाणे राजीनामा दिला आणि मुदत संपली की तुम्ही मोकळे. मनाविरुद्ध काम करायला कुठलंही न्यायालय तुम्हाला भाग पाडत नाही. वैयक्तिक सेवेचा करार सक्तीनं पाळायला लावता येत नाही, हे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातच आहे. नोटीस पाळली नाही तर प्रश्न उरतो तो पैशाचा, आणि तोही नियुक्तीपत्रात लिहिलं असेल तेवढ्याच पैशाचा. तेव्हा ते पत्र काढा आणि कलम शब्द न् शब्द वाचा. 'दोन्हीपैकी कोणताही पक्ष नोटीस किंवा त्याऐवजी पगार देऊन' असं असेल तर पैसे भरून लवकर निघायचा पर्याय तुमच्या हातात आहे. 'कंपनीच्या मर्जीनं' असं असेल तर तो कंपनीच्या हातात आहे. आणि पगार म्हणजे कोणता? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रकरणांत पत्रात 'बेसिक' (भत्ते सोडून मूळ पगार) लिहिलेलं असतं आणि वसुली ग्रॉसवर लावलेली असते. हा फरक दुपटीहून जास्त निघतो.

तुमच्या बाबतीत मात्र इथवर जायचीच गरज नाही. तुम्ही नोटीस सोडलीच नाही. तुम्ही कामावर होता, कंपनीनं यायला मनाई केली. लॅपटॉप घेतला, लॉगिन तोडलं. स्वतः दार लावून घ्यायचं आणि मग आत का आला नाहीस म्हणून दंड मागायचा, हे चालत नाही. मॅनेजरचा तो एक निरोप हा तुमच्या हातातला सर्वांत मोठा पुरावा आहे. नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नका. चॅट एक्स्पोर्ट करा, फोन विकू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते काम सोपं जातं. लॅपटॉप जमा केल्याची पावती नसेल तर गेटपास, कुरिअरची पावती, आयटी विभागाची तिकीट बंद झाल्याची मेल, जे मिळेल ते.

जीएसटीचं तर काढूनच टाका. नोटीस पेच्या, म्हणजे अपुऱ्या नोटिशीबद्दल घेतलेल्या पगाराच्या, वसुलीवर जीएसटी लागत नाही, असं केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात, क्रमांक १७८, स्पष्ट केलेलं आहे. तरीही हा १८ टक्क्यांचा रकाना आजही हिशोबात दिसतो. परिपत्रकाचा क्रमांक घालून एक ओळ लिहिली की बहुतेक ठिकाणी तो निमूटपणे गायब होतो.

आता पगार. इथे कायदा अलीकडेच बदलला आहे आणि बऱ्याच एचआरवाल्यांच्या मेलमध्ये अजून जुनीच भाषा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेचं कलम १७ सांगतं की कर्मचाऱ्यानं राजीनामा दिला किंवा त्याला काढलं, तर त्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. '४५ दिवसांत एफएनएफ' ही कंपनीची सवय आहे, कायदा नव्हे. दुसरा बदल तुमच्यासारख्यांसाठी त्याहून मोठा आहे. जुना १९३६ चा वेतन प्रदान कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता. त्यावरच्या माणसाला, म्हणजे जवळपास सगळ्या आयटीवाल्यांना, थकलेल्या पगारासाठी दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागे. वेतन संहितेत 'कर्मचारी' म्हटलं की मॅनेजरसुद्धा आला. थकलेल्या वेतनासाठी तीन वर्षांच्या आत प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तो मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. दहापट कुणाला सरसकट मिळत नाही, त्या आशेवर राहू नका. पण कंपनीच्या वकिलाला हे कलम माहीत असतं, आणि नोटिशीत ते दिसलं की त्याचा सूर बदलतो.

पगारातून कशाकशाची कपात करता येते त्याची यादी संहितेत दिलेली आहे, आणि सगळ्या कपाती मिळून त्या पगारकाळाच्या वेतनाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. तुमचा सव्वा महिन्याचा पगार अख्खाच्या अख्खा गिळला आहे. तेव्हा नोटीस वसुलीचा दावा कितीही खरा मानला तरी एवढी कपात बसत नाही. कंपनीला तुमच्याकडून काही येणं आहे असं वाटत असेल तर तिनं वेगळा दावा करावा आणि सिद्ध करावा. शिल्लक अर्जित रजेचे पैसेही सुटे मागा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ४५ दिवसांपर्यंत रजा साठवता येते, आणि कर्मचारी निघताना एचआर पोर्टलवरचा रजेचा आकडा अचानक शून्य झालेला मी पाहिला आहे. नोटीस काळात पोर्टल चालू असतानाच ते पान प्रिंट करून ठेवायचं असतं. तुमचं लॉगिन गेलं असलं तरी जुन्या सॅलरी स्लिपवर रजेची शिल्लक छापलेली असते, ती बघा.

ग्रॅच्युइटीवर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे लोक सर्वांत जास्त फसतात. पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिलेल्यालाही ग्रॅच्युइटी मिळते. ती मालकाची मेहेरबानी नाही. शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, असं गणित. सहा महिन्यांहून जास्तीचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे तुमची वर्षं पाच. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर त्यावर साधं व्याज. तुम्ही अर्ज केला नाही म्हणून ती बुडत नाही, हिशोब करून कळवायची जबाबदारी मालकाचीच आहे. तरीही अर्ज कराच, तारीख नोंदली जाते.

आता वेतन म्हणजे काय, हा कळीचा मुद्दा. आयटीत सीटीसी (कंपनीनं तुमच्यावर दाखवलेला एकूण खर्च) मोठा आणि बेसिक एवढंसं, बाकी सगळं 'स्पेशल अलाउन्स' अशी रचना असते. समजा महिन्याचा पगार ८०,००० आणि बेसिक २४,०००. जुन्या पद्धतीनं पाच वर्षांची ग्रॅच्युइटी झाली साधारण ६९,२०० रुपये. नव्या संहितांमध्ये वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. म्हणजे ढोबळमानानं हिशोब ४०,००० वर, आणि रक्कम साधारण १,१५,४०० रुपये. शेहेचाळीस हजारांचा फरक आहे. तुमचा शेवटचा दिवस २१ नोव्हेंबर २०२५ नंतरचा असेल तर हा हिशोब मागा, आणि कोणतं वेतन धरलं ते लेखी विचारा.

'ग्रॅच्युइटी नोटीस वसुलीत वळती केली' हे वाक्य तुमच्या मेलमध्ये असेल तर ते जपून ठेवा. ग्रॅच्युइटी रोखायची कारणं कायद्यानं मोजून दिली आहेत: मालमत्तेचं नुकसान केलं, दंगामस्ती वा हिंसा केली, नोकरीत असताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला, आणि त्या कारणावरून नोकरीतून काढलं. तुम्हाला काढलेलं नाही, तुम्ही राजीनामा दिलेला आहे. अपुरी नोटीस त्या यादीत कुठेच नाही, बॉण्डही नाही.

बॉण्डबद्दल दोन्ही बाजू सांगते, कारण 'बॉण्डला काही अर्थ नसतो' हा सल्ला देणारे खूप भेटतील आणि तो अर्धवट आहे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल दोन लाखांची अट वैध ठरवली. तेव्हापासून प्रत्येक कंपनीची कायदेशीर नोटीस हा निकाल घेऊन येते. पण तो निकाल सरकारी बँकेचा होता. तिथे जाहिरात, परीक्षा, मुलाखती अशी खुली भरती करावीच लागते आणि माणूस मध्येच गेला की तो खर्च पुन्हा पडतो, हा त्यातला गाभा. शिवाय ती रक्कम त्या अधिकाऱ्याच्या पदाच्या आणि पगाराच्या मानानं वाजवी वाटली. कुठल्याही कंपनीनं कुठलाही आकडा छापावा आणि वसूल करावा असं त्यात म्हटलेलं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ अजून जागेवर आहे: लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. म्हणून विचारा: सर्टिफिकेशनची परीक्षा फी किती भरली, कुणाला भरली, पावती दाखवा. प्रशिक्षणासाठी कामातून मोकळं केलं होतं का, की रात्री आणि शनिवार-रविवारी अभ्यास करून तुम्ही परीक्षा दिलीत? बॉण्डचा काळ किती होता आणि त्यातला किती भरलात? खरोखर झालेल्या खर्चातला उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातला भाग द्यायची तयारी दाखवली तर तुमची बाजू भक्कम होते. अशा तडजोडीला मी नेहमी हो म्हणते. बॉण्डच्या वेळी कोरा चेक दिला असेल तर मात्र सावध राहा. तो भरला आणि परत गेला की नोटीस येते, आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवसांची मुदत असते. ती नोटीस उघडायची आणि त्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्यायचं.

'अमुक कंपनीत एक वर्ष जायचं नाही' अशी अटही असेल कदाचित. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. गोपनीय माहिती न नेण्याची अट मात्र टिकते. म्हणून कंपनीची एकही फाइल, ग्राहकांची यादी, कोड स्वतःच्या मेलवर पाठवू नका. नियुक्तीपत्र, सॅलरी स्लिपा, अप्रेझल लेटर, राजीनामा आणि त्यावरची उत्तरं, एवढंच तुमचं.

पीएफचं काम तुलनेनं सोपं आहे. कंपनी नोकरी सोडल्याची तारीख भरत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मध्ये आधार ओटीपीनं ती स्वतः टाकता येते. तारीख नव्या नोकरीच्या रुजू तारखेच्या आधीचीच हवी, दोन नोकऱ्या एकमेकींवर चढल्या तर पैसे वळते करताना अडतं. पासबुकात वर्गणी दिसत नसेल आणि स्लिपवर कापलेली असेल, तर ते फार गंभीर आहे. ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, पुण्यात गोळीबार मैदानाजवळच्या कार्यालयात समक्ष जा.

आता ज्या लेटरपायी तुम्ही सगळ्यावर पाणी सोडायला निघाला आहात, ते लेटर. ऑफिसमधल्या माणसाला रिलिव्हिंग लेटर द्यायलाच हवं असं थेट सांगणारं केंद्रीय कलम नाही. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत (सेवाशर्तींच्या नियमांत) सेवा प्रमाणपत्राची तरतूद असते. म्हणूनच कंपन्या हे लेटर अडवून धरतात, बाकी काही कायद्यानं अडवता येत नाही. पण नव्या कंपनीला हवं असतं ते आधीच्या नोकरीचा काळ खरा असल्याचं प्रमाण. राजीनाम्याची मेल, त्यावर एचआरची पोच, 'उद्यापासून येऊ नका' हा निरोप, स्लिपा, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) आणि पीएफची सेवानोंद यातून तो सिद्ध होतो. नव्या एचआरला रुजू होण्याआधीच लेखी सांगा की आधीच्या कंपनीशी हिशोबाचा वाद चालू आहे, कागद असे असे आहेत. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यानं शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं केव्हाही बरं. बहुतेक ठिकाणी यावर काम होतं.

'अब्स्कॉण्डिंग'ची धमकी गांभीर्यानं घ्या, पण घाबरून नाही. ही पत्रं मुद्दाम कायमच्या पत्त्यावर जातात. लातूर जिल्ह्यातल्या एका मुलाचं असंच झालं. कंपनीचं रजिस्टर पत्र गावी गेलं, वडिलांनी सही करून घेतलं, इंग्रजी मजकूर आणि वर वकिलाचं नाव बघून पोरगा काहीतरी लफड्यात अडकलाय असं त्यांना वाटलं, आणि त्याला ताण नको म्हणून त्यांनी ते देवघराच्या फळीवर ठेवून दिलं. 'सात दिवसांत हजर व्हा, अन्यथा परागंदा समजू' असा मजकूर होता. सात दिवस उलटून गेले. पुढे कंपनीनं तेच वापरलं: पत्र पोचलं, उत्तर नाही. सुदैवानं पाकीट त्यांनी टाकलेलं नव्हतं. त्यावरच्या टपाल शिक्क्याची तारीख पत्रातल्या तारखेच्या नऊ दिवस नंतरची होती, म्हणजे दिलेली मुदत पत्र टाकण्याआधीच संपलेली. त्या एका शिक्क्यानं प्रकरण फिरलं. तेव्हा घरी आजच फोन करून सांगून ठेवा: कंपनीचं काहीही आलं की फोटो काढून पाठवा आणि पाकीट फाडून टाकू नका.

आता लिहायचं काय? फार लांबण लावू नका, रागाचा एकही शब्द नको. राजीनाम्याची तारीख, नोटिशीचं कलम, अमुक तारखेला मॅनेजरनं कामावर येण्यास मनाई केली, लॅपटॉप जमा केला, लॉगिन बंद झालं. मी उरलेली नोटीस पूर्ण करायला तयार होतो/होते आणि आजही तयार आहे, असं एक वाक्य, पण खरोखर तयारी असेल तरच. नव्या नोकरीत रुजू झाला असाल तर 'तयार होतो/होते' एवढंच. मग पगार, रजा, ग्रॅच्युइटी, रिलिव्हिंग लेटर, फॉर्म १६, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम. बॉण्डच्या खर्चाच्या पावत्यांची मागणी. पंधरा दिवसांची मुदत. मेल करा आणि तेच स्पीड पोस्टानं रजिस्टर्ड ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. फोनवर बोलणं झालं की त्याच संध्याकाळी 'आज आपण असं असं म्हणालात' अशी मेल टाका. आणि 'मला सर्व रक्कम मिळाली, माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही' या छापील कागदावर पैसे खात्यात येण्याआधी सही करू नका. अगदीच करावी लागली तर सहीशेजारी 'हक्क राखून' असं हातानं लिहा. राजीनामाच जबरदस्तीनं लिहून घेतला असेल त्यांनी त्याच दिवशी तो मागे घेतल्याची मेल टाकायला हवी. आठ-पंधरा दिवस गेले की ते शाबीत करणं अवघड होत जातं.

उत्तर आलं नाही तर पुण्यात वाकडेवाडीला कामगार खात्याचं कार्यालय आहे, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन. वेतनाचा आणि ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगवेगळा करा. नव्या संहितांखाली कुठल्या अधिकाऱ्यासमोर आणि कुठल्या नमुन्यात, ते तिथेच विचारून घ्या. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि खटल्याआधीची मध्यस्थी तिथे कुणालाही मागता येते. दिवाळखोरी कायद्याची नोटीस पाठवा असं कुणी सुचवेल, त्यात पैसे घालवू नका. मार्च २०२० पासून तिथली थकबाकीची किमान मर्यादा एक कोटी रुपये आहे.

शेवटचा तुमचा प्रश्न होता तो नावाचा: भांडलो तर इंडस्ट्रीत नाव खराब होईल का? माझ्या पाहण्यात, सभ्य भाषेतल्या कागदी मागणीनं कुणाची पुढची नोकरी गेलेली नाही. नाव खराब होतं ते लिंक्डइनवर मॅनेजरचं नाव घेऊन लिहिण्यानं, रात्री केलेल्या फोनमुळे, कंपनीचा डेटा नेल्यामुळे. आणि तुम्ही पैसे सोडले म्हणजे लेटर मिळेलच याची काही हमी नाही. ज्यांनी दीड लाखाचा बॉण्ड भरून टाकला त्यांना पुढच्या मेलमध्ये जीएसटीसकट नोटीस पेची मागणी आलेली मी पाहिली आहे. तुमचं नियुक्तीपत्र, बॉण्डचा कागद आणि तो एफएनएफचा तक्ता एकत्र करा, आणि पंधरा दिवसांचं पत्र या आठवड्यातच पाठवा.